अतिजलद डाव छापताना घड्याळही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावरचे बुद्धिबळाचे सदर मी नेमाने वाचतो. अलीकडे त्यात ऑनलाइन खेळले गेलेले अतिजलद (ब्लिट्झ) डावही येऊ लागले आहेत. त्याबद्दल सदरलेखकाचे आभार, आणि लगेच एक तक्रार. डावाच्या खेळ्या छापल्या जातात, खेळाडूंची नावे आणि रेटिंग छापले जाते, चुकीच्या खेळीपुढे दोन प्रश्नचिन्हे ठोकली जातात. घड्याळ मात्र कुठेच नसते. तीन मिनिटांच्या डावातून घड्याळ वगळले की उरते ते विरामचिन्हे पुसून टाकलेल्या परिच्छेदासारखे. शब्द सगळे जागच्या जागी असतात, पण लिहिणारा कुठे थांबला, कुठे अडखळला, ते कळायला मार्ग नाही. माझी सारी नोकरी मुद्रितशोधनात गेली आणि त्यात बुद्धिबळाच्या सदराची प्रुफेही वाचली, म्हणून हे जरा जास्तच खुपते.

त्याच सदरातून एक मत अधूनमधून डोकावते. पारंपरिक डाव खेळणाऱ्याला शैली असते, ऑनलाइन अतिजलद खेळणाऱ्याकडे फक्त वेगवान बोटे असतात, असे काहीसे. हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते एका खेळाडूच्या आधारे सांगतो. तो कोण आहे हे मला ठाऊक नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तीन मिनिटांच्या डावात यंत्राने आमची जोडी लावली, मग आम्ही एकमेकांना आव्हाने देऊ लागलो, आणि काही वर्षे ते चालू आहे. त्याचा देश, वय, व्यवसाय, पुरुष की स्त्री, काहीच कळलेले नाही. सोयीसाठी ‘तो’ म्हणतो. त्याचे टोपणनाव इथे देत नाही, कारण त्याला विचारलेले नाही. पण त्याचे डाव सगळ्यांना खुले आहेत. लिचेसवर कोणाचेही डाव उतरवून घेता येतात, आणि त्या फाइलीत प्रत्येक खेळीनंतर घड्याळात किती वेळ उरला होता तेही नोंदलेले असते. ही नोंद मला खेळ्यांइतकीच मोलाची वाटते.

सुरुवातीला तो काळ्या मोहऱ्यांनी जवळजवळ नेहमी स्टॅफर्ड गॅम्बिट खेळायचा. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, पांढऱ्याचा घोडा ई५ वरचे प्यादे खातो, काळा दुसरा घोडा सी६ ला आणून चक्क मारायला देतो. घोड्यांची मारामारी झाली की काळ्याचे एक प्यादे कमी असते. बदल्यात उंटांना मोकळ्या वाटा मिळतात. मग पांढऱ्याने डी३ खेळल्यावर काळ्याचा उंट सी५ ला येतो, आणि पांढऱ्याने भोळेपणाने उंट जी५ ला नेला की काळा घोडा सरळ ई४ चे प्यादे मारतो, वजीर देऊन टाकतो आणि आठव्या खेळीला दोन उंट व एक घोडा मिळून मात करतात. अशी मात केलेले त्याचे पुष्कळ डाव आहेत. नुसत्या खेळ्या वाचल्या तर वाटेल, काय हा प्रतिभावान हल्लेखोर! वजिराचा बळी, आठ खेळ्यांत मात! घड्याळ पाहिले की कळते, त्या आठ खेळ्यांना मिळून त्याचे जेमतेम सहा-सात सेकंद गेले होते. वजिराचा बळी त्याने शोधला नव्हता, तो त्याला पाठ होता.

आता त्याच काळातले दुसरे डाव घ्या, ज्यांत समोरच्याने सापळा ओळखून उंट जी५ ऐवजी ई२ ला ठेवला. खेळ्यांमध्ये काही विशेष दिसत नाही. घड्याळात मात्र तिथेच खड्डा पडलेला असतो. सहा खेळ्या सेकंदा-सेकंदाला खेळणारा हा गृहस्थ सातव्या-आठव्या खेळीला वीस-पंचवीस सेकंद बसून राहायचा. सापळ्यात कोणी सापडले नाही तर पुढे काय करायचे, याचा विचार त्याने पटावर येण्याआधी केलेलाच नसायचा. कोणाचेही डाव घ्या, पहिला लांबलचक विराम जिथे पडतो तिथे त्याचे पाठांतर संपलेले असते. पारंपरिक डावातही हे दिसते, पण तिथे खेळाडू पाठ असलेल्या खेळीलाही कधी कधी मुद्दाम वेळ लावतो, प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून. तीन मिनिटांत असले नाटक परवडत नाही, त्यामुळे अतिजलद डावाचे घड्याळ जास्त खरे बोलते.

हिशेब बघा. प्रत्येक खेळाडूला तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. डाव ४० खेळ्यांचा धरला तर खेळीला साडेचार सेकंद. एका खेळीला तीस सेकंद दिले म्हणजे सगळ्या वेळेचा सहावा हिस्सा गेला. ९० मिनिटांच्या डावात याच प्रमाणात पंधरा मिनिटे होतात. पारंपरिक डावात एखादा ग्रँडमास्टर पंधरा मिनिटे विचारात बुडाला तर आपले सदरलेखक त्यावर आवर्जून लिहितात. अतिजलद डावातल्या तीस सेकंदांना मात्र एक ओळही मिळत नाही.

पुढे कधीतरी त्याने स्टॅफर्ड सोडले. काळ्याने कॅरो-कान हा भक्कम बचाव, पांढऱ्याने लंडन सिस्टिम, म्हणजे डी४, उंट एफ४, ई३, सी३, जवळजवळ कोणासमोरही तीच मांडणी. तेव्हा मला तो कंटाळवाणा वाटू लागला होता. पण त्याच्या वेळेचा आलेख पाहिला (लिचेस प्रत्येक डावाचा असा आलेख देते) तेव्हा लक्षात आले की त्याने काटकसर सुरू केली होती. पहिल्या दहा खेळ्यांत वीस सेकंदही न घालवता तो साधी, निरोगी स्थिती मिळवायचा आणि वाचलेला वेळ पुढे खर्च करायचा. कुठे? आधी तो हल्ला करताना विचार करायचा. आता वजिरांची मारामारी करायची की नाही, हे ठरवताना करू लागला. माझ्या मते त्याच्या खेळात झालेली सर्वांत मोठी प्रगती हीच, आणि खेळ्यांच्या यादीत ती अजिबात दिसत नाही. वजीर पटावरून गेल्यावर जो डाव उरेल तो आपल्याला हवा आहे का, हा प्रश्न पडायला लागणे म्हणजे खेळाडू वयात येणे.

प्रीमूव्हचेही तसेच. समोरच्याची खेळी व्हायच्या आधीच आपली खेळी लावून ठेवण्याची ही सोय. लिचेसवर तिला शून्य वेळ लागतो, चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग कापला जातो. सुरुवातीला आपले मोहरे मारले जाणार असे दिसले की तो परत मारण्याची खेळी आधीच लावून ठेवायचा. मग मी मोहरे मारायचेच नाही, मध्येच दुसरीकडे शह द्यायचा. लावलेली खेळी बेकायदा ठरून रद्द व्हायची आणि तो गोंधळायचा. कधी कधी शहाऐवजी मी अशी खेळी करायचो की त्याची लावलेली खेळी कायदेशीर राहायची आणि त्याचा हत्ती फुकट जायचा. काही काळाने त्याच्या नोंदींतून मधल्या डावातले शून्य सेकंद नाहीसे झाले. आता ते दिसतात ते फक्त जिथे दुसरी खेळीच नाही तिथे, किंवा शेवटी राजा मोकळ्या पटावर धावत असताना. ही शिस्त आहे, आणि ती बोटांच्या वेगातून येत नाही.

रेटिंगविषयी सदरात जे लिहिले जाते तेही मला अर्धवट वाटते. ‘ऑनलाइन रेटिंग २१०० असलेला खेळाडू’ असे छापून काय सांगितले? लिचेसवर नव्या खेळाडूची सुरुवात १५०० वर होते आणि गणित ग्लिको-२ पद्धतीचे. जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने १९७० पासून वापरलेली एलो पद्धत वेगळी, खेळणारा समूह वेगळा. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय वेळेचे गट तरी सगळीकडे कुठे सारखे आहेत? दहा मिनिटांचा डाव फिडेच्या नियमांत अतिजलद, आणि ऑनलाइन तोच जलद. लिचेस मूळ वेळेत चाळीस खेळ्यांची वाढीव सेकंदे (प्रत्येक खेळीला घड्याळात भर पडते ती) मिळवून गट ठरवते, त्यामुळे तीन मिनिटांचा सरळ डाव आणि पाच मिनिटे अधिक खेळीला तीन सेकंद, हे दोन्ही एकाच ‘ब्लिट्झ’ रेटिंगात जमा होतात. ज्याने दोन्ही खेळले आहेत त्याला माहीत आहे की हे दोन वेगळे खेळ आहेत.

आणि जिंकण्याची टक्केवारी तर साफ फसवते. यंत्र नेहमी तोडीस तोड प्रतिस्पर्धी देते. तुम्ही सुधारलात की समोरचाही तगडा येतो. त्यामुळे माझा हा प्रतिस्पर्धी नवशिका होता तेव्हाही निम्म्याच्या आसपास डाव जिंकत होता, आणि आज बराच वर गेल्यावरही निम्म्याच्याच आसपास जिंकतो. ज्याला प्रगती मोजायची आहे त्याने आणखी एक गोष्ट करावी असे मी सुचवीन. रेटिंगचा उच्चांक पाहू नये, तळ पाहावा. एखाद्या चांगल्या संध्याकाळी कोणीही शंभर गुणांनी वर जातो. डोके चालत नसताना, हट्टाने एकामागून एक डाव खेळून माणूस कुठपर्यंत घसरतो, आणि ती घसरण वर्षागणिक कितीशा वर थांबते, हे मला जास्त बोलके वाटते. त्याचा उच्चांक मधली बरीच वर्षे हलला नव्हता. तळ मात्र सतत वर सरकत होता. उच्चांक त्यानंतर हलला.

आता शैलीकडे येतो, कारण मूळ वाद तिचाच आहे. अलीकडचा एक डाव सांगतो. एकतिसावी खेळी. त्याच्याकडे एक प्यादे जास्त, घड्याळात चाळीस सेकंद. माझ्याकडे पंधरा. वजिरांची मारामारी करून तो सरळ वरचढ शेवट गाठू शकत होता. नंतर इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-प्रणालीला, दाखवले तेव्हा इंजिनानेही तेच सांगितले. त्याने खेळले राजा एच२. राजा एक घर बाजूला, बस. लागला एक सेकंद. मी चक्रावलो. राजा का हलवला? पटावरची ‘जी’ ही उभी रांग उघडायची आहे? घोडा कुठे यायचा आहे? धमकी शोधण्यात माझे नऊ सेकंद गेले, आणि धमकी नव्हतीच. उरलेल्या सहा सेकंदांत मी सात खेळ्या रेटल्या आणि फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपून मी हरलो. गंमत अशी की त्या घाईत मी गेलेले प्यादे परतही मिळवले होते. अंतिम स्थिती अगदी समान होती. आपल्या सदरात हा डाव आला असता तर राजा एच२ या खेळीला प्रश्नचिन्ह मिळाले असते आणि खाली टीप: ‘वजिरांची मारामारी करून सहज विजय.’ घड्याळासह छापला असता तर वाचकाला दिसले असते की डाव त्याच खेळीने जिंकला.

आणि हा तोच माणूस आहे ज्याने स्टॅफर्डमध्ये वजीर फेकला होता. तेव्हाही तो समोरच्यापुढे कोडे टाकायचा, आजही टाकतो. फरक एवढाच की पूर्वीचे कोडे सोडवले गेले तर तो स्वतः बुडायचा. आताच्या कोड्याला उत्तर सापडले तरी त्याचे काही बिघडत नाही. शैली यापेक्षा वेगळी काय असते?

इंजिनावर माझा राग नाही. पण इंजिनाला घड्याळ दिसत नाही. चार सेकंद उरलेल्या माणसाला जी चूक पकडता येणार नाही, ती चूक त्या डावापुरती चूक ठरत नाही. उलट तीन सेकंदांत केलेली सर्वोत्तम खेळी आणि तीस सेकंदांत केलेली तीच खेळी, यांची किंमत वेगळी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अवघ्या २९ व्या वर्षी गेलेले अमेरिकी ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की अतिजलद डाव खेळताना मोठ्याने विचार करून दाखवायचे. ज्यांनी ते ऐकले आहे त्यांना ठाऊक असेल, इथे मी खोलात जाणार नाही, ही खेळी पुरेशी चांगली आहे, वेळ पुढे लागेल, अशा अर्थाचे निर्णय त्यात सारखे यायचे. असा निर्णय हा खेळाचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, हा सगळा आजच्या पोरांचा प्रकार. माजी जगज्जेते मिखाइल ताल यांनी १९८८ मध्ये कॅनडातील सेंट जॉन येथे जागतिक अतिजलद स्पर्धा जिंकली तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. आणि १९७० साली हेर्सेग नोव्ही येथे पुढे जगज्जेते झालेल्या बॉबी फिशर यांनी पाच-पाच मिनिटांच्या डावांत २२ पैकी १९ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकावरच्या ताल यांना साडेचार गुणांनी मागे टाकले, त्याची आठवण बुद्धिबळप्रेमी अजून काढतात. त्या स्पर्धेतल्या डावांच्या खेळ्या आपल्याकडे आहेत. घड्याळे नाहीत. फिशर कुठल्या खेळीला थांबले, कुठे न बघता खेळले, समोरच्याचा फ्लॅग पडायला किती उरले होते, खेळी-खेळीचा असा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही. याच फिशर यांनी पुढे १९८८ मध्ये प्रत्येक खेळीला थोडा वेळ वाढवून देणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९९२ च्या स्पास्की यांच्याविरुद्धच्या सामन्यात ते वापरले, आणि आज जागतिक अतिजलद स्पर्धा तीन मिनिटे अधिक खेळीला दोन सेकंद अशीच खेळली जाते. फिशर यांच्या विचारांचे सेकंद आपल्याकडे नाहीत, आणि माझ्या अनामिक प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक खेळीचे आहेत. असलेली गोष्ट न छापणे मला समजत नाही.

वाढीव दोन सेकंदांवरून आठवले. त्याचे नुसत्या तीन मिनिटांचे आणि तीन अधिक दोनचे डाव मी वेगळे काढून पाहिले. हत्तीच्या शेवटात एक प्यादे कमी असताना तो पूर्वी दोन्हीत हरायचा. आता वाढीव वेळेच्या डावात तो फिलिडोरचा बचाव डोळे मिटून करतो: हत्ती सहाव्या ओळीवर धरून राजाला पुढे येऊ द्यायचे नाही, प्यादे त्या ओळीवर सरकले की लगेच पहिल्या ओळीवर जाऊन मागून शह देत राहायचे. प्रत्येक खेळीला एक-दीड सेकंद, घड्याळ कमी होण्याऐवजी किंचित वाढतच जाते. माहिती हातात उतरली की असे होते. वाढीव वेळ नसलेल्या डावात मात्र तो अशा शेवटाला जातच नाही, त्याआधीच गुंता करतो. कोणत्या नियमाखाली काय खेळायचे हे त्याला कळते, म्हणून तर डावाच्या शीर्षकात वेळेचा नियम हवाच. ‘ऑनलाइन अतिजलद डाव’ एवढ्याने भागत नाही.

घड्याळाचा आणखी एक उपयोग लोक सांगतात, फसवणूक ओळखण्याचा. साधी परत मारण्याची खेळी असो की अवघड बळी, प्रत्येकाला तेवढेच सेकंद लागत असतील तर शंका येते, हे खरे. पण वृत्तपत्रातून असल्या शंका घेऊ नयेत. ते काम संकेतस्थळांनी आणि पंचांनी करावे.

आता व्यवहाराचे. प्रत्येक खेळीपुढे वेळ छापणे शक्य नाही हे मी जाणतो. मजकूर दुप्पट होईल, आणि आकड्यांच्या चुका चौपट. तीन ठिकाणी वेळ दिली तरी पुष्कळ: पाठांतर संपले तिथे, सर्वांत लांब विचार झाला तिथे, आणि शेवटच्या खेळीला, तिन्ही ठिकाणी दोघांचीही. मथळ्याखाली वेळेचा नियम, तीन अधिक शून्य की तीन अधिक दोन. आणि घड्याळात दहा सेकंदांहून कमी उरलेल्या खेळाडूच्या खेळीला दोन प्रश्नचिन्हे देण्याआधी सदरलेखकाने जरा हात आखडता घ्यावा. एवढ्याने सदराच्या दोन-तीन ओळी वाढतील. शेवटी इंजिनाने सुचवलेले पर्याय जे छापले जातात, त्यांतला एक गाळला तर तीही वाढ होणार नाही, आणि तो पर्याय तसाही कोणी पटावर मांडून पाहत नाही.

छपाईची एक सूचना. वेळ कंसात द्यावी आणि मिनिटे व सेकंद यांच्यामध्ये अपूर्णविराम असावा. १:२४ च्या जागी १.२४ पडले तर वाचक तो खेळीचा क्रमांक समजतील आणि पटावर भलतेच मोहरे हलवतील. प्रुफे वाचणाऱ्यांना एवढे आधीच सांगून ठेवावे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक